पट्टीवरचा एकच डाग

माझ्या नाकाचं हाड वाढलंय, ही बातमी मी स्वतःच जिंतूरभर पसरवली होती. उजवी नाकपुडी बंद, रात्री घोरणं, सकाळी घसा कोरडा. शाळेच्या स्टाफरूममध्ये या विषयावर माझं व्याख्यान ठरलेलं. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन करायचं, म्हणून पाहुण्यांना फोनही झाले होते. परभणीला नाकाच्या डॉक्टरकडे बायकोला नेलं ते फाईल धरायला.

तिचं डोकं दुखायचं. कपाळाला रुमाल घट्ट बांधून ती भाकरी थापायची. पाहुणे येणार म्हटलं की दुखतं, असा मी शोध लावला होता. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाचे शोध खुर्चीतून न उठता लागतात.

डॉक्टरांनी माझ्या नाकाखाली स्टीलची थंड पट्टी धरली. श्वास सोडल्यावर पट्टीवर वाफेचे दोन डाग उमटले, एक मोठा, एक लहान. मग त्यांचं लक्ष बायकोच्या रुमालाकडे गेलं.

"ताई, डोकं दुखतं का?"

"दोन-तीन महिन्यांपासून," मी म्हणालो. आमच्याकडे दवाखान्यात बाईचं दुखणं नवराच सांगतो. मी तर शिक्षक.

"धाकटी पहिलीत होती तवापासून," ती म्हणाली. "आता कॉलेजात हाय ती."

पट्टी तिच्या नाकाखाली गेली. एकच डाग उमटला. दुसऱ्या बाजूला स्टील कोरडं, चकचकीत. डॉक्टरांनी दिवा लावून तिच्या नाकात पाहिलं.

"सर, यांच्या नाकातला मधला पडदा तुमच्यापेक्षा जास्त वाकडा आहे." मग ते सांगत राहिले. त्यांच्याकडे पुरुष येतात ते घोरण्याची, चोंदल्या नाकाची तक्रार घेऊन. बायका बऱ्याचदा डोकं धरून येतात, तेही चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाल्यावर. तरुण पोरं लगेच बोंब मारतात. चाळिशी ओलांडलेल्यांना एका नाकपुडीवर भागवायची सवय झालेली असते. "आधी यांचं करू."

"मग स्वयंपाकाचं कसं?"

हे मी म्हणालो. मोठ्यानं. बायको हसली, ते जास्त लागलं.

"त्यांचंच करा आधी," ती डॉक्टरांना म्हणाली. "पाहुण्यायला सांगून झालंय."

मला मान वर करता येईना. "नाही, हिचंच आधी," मी पुटपुटलो.

"सर, त्यांना बोलू द्या."

तिनं रुमालाची गाठ सोडली. "डोकं दुखायचं थांबंल का?"

"खात्री देत नाही. श्वास मोकळा होईल. डोकेदुखी कदाचित कमी होईल."

"मग द्या तारीख."

परतीच्या एसटीत फाईल मी धरली. घरी येऊन पुन्हा सगळ्यांना फोन लावले. जो तो विचारी, "वहिनींना काय झालं एकाएकी?" एकाएकी नाही, असं प्रत्येकाला सांगावं लागलं. किती वर्षं, हे सांगताना माझा आवाज बसत होता. पाहुण्यांनी तो माझ्या नाकाचाच दोष धरला, आणि मीही तसं धरू दिलं.