रत्नम्माक्कांच्या कंप्युटरचं स्थलांतर

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शिवलिंगप्पा मालकांचा चादरी-टॉवेलांचा कारखाना आहे. तिथले कंप्युटर, प्रिंटर, गेटवरचे कॅमेरे आणि अडलं तर मालकांचा मोबाइलसुद्धा बिरुदेव मेटकरी सांभाळतो. मूळचा सांगोल्याकडचा. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. डिप्लोमाला म्हणून सोलापुरात आला आणि इथलाच झाला. एखादी वस्तू बंद पडली की बाकीच्यांचं तोंड उतरतं, याचा चेहरा खुलतो. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन शीळ घालत तो असा निघतो, की बघणाऱ्याला वाटावं हा लग्नाला चाललाय.

पण रत्नम्माक्कांचा कंप्युटर कण्हायला लागला तेव्हा त्याची शीळही थांबली.

रत्नम्माक्का म्हणजे कारखान्याच्या डिझायनर. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातल्या, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. जेकार्डच्या मागावर जी फुलं, मोर, वेली उमटतात, ती सगळी त्यांच्या हातची. त्यांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर फार जुनं; ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. नव्या विंडोजवर ते चालत नसे. चालायचं ते फक्त कोपऱ्यातल्या त्या पिवळट पडलेल्या डब्यावर, आणि आता त्याची हार्ड डिस्क खरखरायला लागली होती.

"अक्का, ह्येचं काय खरं न्हाय," बिरुदेव डब्याला कान लावून म्हणाला. "ह्येला दुसऱ्या कंप्युटरच्या पोटात घालू या."

"म्हणजे?"

"आपल्या त्या मोठ्या सर्व्हरवर एक सॉफ्टवेअर टाकतो. त्याला हायपरवायजर म्हणतात. ते एका कंप्युटरच्या आत चार-पाच कंप्युटर थाटून देतं. खोटे, पण वागतात खऱ्यासारखे. त्यातल्या एकात तुमचा सगळा संसार जसाच्या तसा मांडतो. तीच विंडोज, तेच सॉफ्टवेअर, त्याच फायली."

"अय्यो! डबा नाही, आणि कंप्युटर आहे?" रत्नम्माक्कांनी मान हलवली. "माझ्या वडिलांची सगळी डिझाइनं कागदावर होती रे. ट्रंकेत ठेवलेली. वाळवी लागली, एक फूल राहिलं नाही. तू ह्याला हात लावू नको."

बिरुदेव त्यांच्याशी वाद घालत बसला नाही. "मूळ डब्याला धक्का लावत न्हाय, नुसती नक्कल करतो," एवढंच म्हणाला. अक्कांनी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाल्या, "मी बाजूला बसणार. माझ्या डोळ्यासमोर कर."

मग दोघं बसले. बिरुदेवनं जुन्या डिस्कची अख्खी इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढून सर्व्हरवर घेतली, नवं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे तो खोटा कंप्युटर, तयार केलं, त्याला बेताची मेमरी दिली आणि सुरू केलं. पडदा निळा झाला आणि तिथंच थिजला. रत्नम्माक्कांनी पदर तोंडाला लावला.

"घाबरू नका. ह्येला नव्या पद्धतीची डिस्क वळखू येईना," म्हणत त्यानं सेटिंगमध्ये डिस्कचा प्रकार बदलून जुन्या आयडीई पद्धतीचा केला. पुन्हा सुरू केलं. हिरव्या टेकडीचं ते ओळखीचं चित्र पडद्यावर आलं, आणि त्यावर अक्कांनी मांडून ठेवलेले फोल्डर, त्याच जागी, त्याच क्रमानं.

"माझंच आहे की रे!" त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

राहिली होती डोंगल. ते जुनं सॉफ्टवेअर एक यूएसबीची किल्ली लावल्याशिवाय उघडतच नसे. बिरुदेवनं ती सर्व्हरच्या मागं खोचली आणि तो पोर्ट थेट व्हर्च्युअल मशीनला जोडून दिला. सॉफ्टवेअर उघडलं. त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सॉफ्टवेअर म्हणालं, किल्ली सापडत नाही.

बिरुदेवनं अर्धा दिवस घालून, सगळी जोडणी नव्यानं करून ते चालू केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. त्यानं सर्व्हरच्या नोंदींचे लॉग वाचले, सर्व्हर बंद करून चालू केला, इंटरनेटवर परदेशातल्या अनोळखी लोकांना प्रश्न विचारले. संध्याकाळी सगळं ठीक, सकाळी बंद. मालक म्हणाले, "बिरुदेव, एखादा नारळ फोडू या का?"

"फोडा की, खोबरं तरी मिळंल," तो म्हणाला, पण मनातून पार खजील झाला होता.

उलगडा झाला तो चहाच्या वेळेला. पैशांची पिशवी पदराखाली खोचता खोचता रत्नम्माक्का सहज म्हणाल्या, "तुझ्या त्या सर्व्हरला भोकं किती रे! सकाळी किल्ली कुठल्या भोकात लावायची तेच कळत नाही."

बिरुदेवचा कप हातातच राहिला. "अक्का, किल्ली तुमी रोज काढता?"

"मग? चोरीला गेली तर? वीस वर्षं झाली, रात्री ती माझ्या उशाशी असते."

बिरुदेव एवढा हसला की बशीत चहा सांडला. त्यानं मशीनला एक ठरावीक पोर्ट बांधून दिला होता आणि अक्का रोज सकाळी किल्ली दिसेल त्या पोर्टात लावत होत्या. त्यानं सेटिंग बदललं. आता मशीन पोर्ट बघणार नव्हतं, त्या किल्लीची स्वतःची ओळख बघणार होतं, मग ती कुठंही लावा. अक्कांना किल्ली घरी नेऊ नका, असं मात्र तो एका शब्दानं म्हणाला नाही.

महिनाभरात जुना डबा खरंच गेला. चहा पिऊन येईपर्यंत गेला. पण कुणाचं काही अडलं नाही.

मग बिरुदेवनं अक्कांना स्नॅपशॉट शिकवला. "काई नवीन करायच्या आधी हितं दाबायचं. मशीन आत्ता आहे तसं टिपून ठेवतं. मागनं काय बी बिघडू दे, एका क्लिकमदी परत हितं. आणि रोज दुपारी सगळ्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर पडती, ती वेगळीच."

"म्हणजे चुकलं तरी चालतंय?"

"लई चालतंय."

जुना डबा कशानं बिघडेल याचा नेम नव्हता, म्हणून सॉफ्टवेअरमधली अर्धी बटणं अक्कांनी कधी दाबलीच नव्हती. त्या आठवड्यात त्यांनी सगळी दाबली. मोरांना बाजूला सारून चौकटी, तिरक्या रेघा, काय काय केलं. दोनदा सगळं विस्कटलं, दोन्ही वेळा त्यांनी स्वतःच माघारी आणलं आणि ते सगळ्या खात्याला ओरडून सांगितलं.

त्याच सुमाराला बिरुदेवची आई केराबाई दवाखान्यासाठी सोलापुरात आली होती. लेक काम करतो ते बघायला ती कारखान्यात आली, खांद्यावर घोंगडं. रत्नम्माक्कांनी "बसा" म्हणायच्या आधी त्या घोंगड्याचा काठ हातात धरला. काळ्या लोकरीत करवतीसारखे पांढरे दाते.

"ही नक्षी कशी घेता?"

"दोन काळं, एक पांढरं, मग उलटं," केराबाई बोटांवर दाखवू लागली. एकीची बोली तेलुगू वळणाची सोलापुरी, दुसरीची माणदेशी. पण धाग्यांबद्दल बोलायला दोघींना दुभाषा लागला नाही. अक्कांनी स्नॅपशॉट घेतला आणि तो काठ पडद्यावर चौकोन-चौकोन भरत गेल्या. केराबाई मागून सांगत होती, "हितं एक जास्त झालं. व्हय, आता बराबर."

नमुन्याची चादर मागावरून उतरली तेव्हा मालकांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि दिवाळीच्या मालात हीच घ्या, म्हणाले. बिरुदेवनं पहिली चादर आईच्या अंगावर पांघरली. तिनं काठावरून हात फिरवला, लेकाकडं पाहिलं.

"काठ झ्याक आलाय," ती म्हणाली. "पर ऊब न्हाय गा ह्येला. तुज्या त्या कंप्युटराला म्हणावं, जरा लोकर घाल."

रत्नम्माक्का हसत हसत बिरुदेवला म्हणाल्या, "ऐकलंस? लाग कामाला." आणि तो शीळ घालत सर्व्हरच्या खोलीकडं निघाला.