चकलीला कान लावणारी

ईरा आणि निहार, तुमच्या आईने परवा फोनवर सांगितलं की ईरा आता वर्षभर एका कंपनीच्या संशोधन विभागात काम करायला जाणार, आणि तिला जरा धास्ती वाटते आहे. मी काही त्यातली नाही. मी आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकं जागच्या जागी ठेवली. पण असं एक वर्ष मी अगदी जवळून पाहिलं आहे, आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीचं, म्हणून आजच लिहायला बसले. चकली कानाशी नेऊन मोडणारी आणि तिचा आवाज ऐकताना डोळे मिटून घेणारी दुसरी व्यक्ती अख्ख्या मुंबईत सापडायची नाही. भोईवाड्यातल्या आमच्या इमारतीत ती होती, आणि तिच्यापायी आम्ही सगळे वर्षभर आपापल्या स्वयंपाकघरात चोरासारखे वावरलो.

खाद्यपदार्थांच्या शास्त्रात ती एम.एस्सी. करत होती, आणि शेवटचं वर्ष कंपनीत काढायचं होतं. घरातली एवढं शिकलेली पहिलीच. पहिल्या दिवशी पांढरा कोट घरूनच घालून निघाली. तो तिकडे गेल्यावर घालायचा असतो हे तिलाही ठाऊक होतं, पण मग इमारतीतल्या लोकांना तो दिसला कसा असता? संध्याकाळी मात्र कोट हातावर टाकून माझ्याकडे आली. "आजी, मायक्रोस्कोप वगैरे काही नाही हो. मला झाकणं दिलीत."

"कसली झाकणं?"

"डब्यांची. कंपनीने नवीन झाकण काढलंय. त्यात चकली किती दिवस कुरकुरीत राहते ते बघायचं. वर्षभर! आणि आमचे सर नावाने हाकपण मारत नाहीत. 'ट्रेनी' म्हणतात."

काही दिवस ती रुसून होती. मग एका संध्याकाळी पिशवीभर डबे घेऊन घरोघर फिरली. प्रयोगशाळेत एसी असतो, चकली तिथे मऊ पडेलच कशी. खरी परीक्षा कुकरच्या वाफेत, असं तिचं म्हणणं. सर म्हणाले होते, "करून बघ." तेवढ्यावर तिने प्रत्येक घरात कंपनीच्या चकल्यांचा एकेक डबा ठेवला आणि बजावलं, "कोणी खायची नाही. हात लावायचा नाही."

मग तिचे तपासणी दौरे सुरू झाले. गळ्यात हवेतला ओलावा मोजायचं एक छोटं यंत्र. भीमजयंतीची खीर घेऊन आली तेव्हाही ते गळ्यात होतं, आणि 'आजी, जय भीम'च्या पाठोपाठ 'आज हवा फार ओली आहे हो' हे ठरलेलं. घरात शिरली की फर्मान सुटे, "पंखा बंद. मिक्सर बंद. आणि आजी, प्लीज, श्वास पण हळू." मोबाइलवर आवाज टिपत, डोळे मिटून ती चकली मोडायची आणि गाणं ऐकल्यासारखी मान डोलवायची. समोरच्या मालवणी मामींच्या कुकरची शिट्टी तिने ऐन वेळी रोखली, तेव्हा त्यांच्याकडे सगळ्यांनी कच्ची डाळ खाल्ली. नायगावच्या एका लग्नात तिने पंगतीत पापड कानाशी धरून मोडला आणि यजमानांना जाऊन सांगितलं, "काका, पापड सकाळीच तळलेत ना?" ते काका अजून तिच्याशी तुटक बोलतात.

पावसाळा सरल्यावर मोठी तपासणी झाली. माझी चकली वाकवली तर वाकली, मोडेना. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "आजी, झाकण नीट लावत होतात ना?" मला! जिच्या घरात कात्रीसुद्धा जागा सोडत नाही! पण बाकी सगळ्या घरांतल्या चकल्या खणखणीत वाजल्या, मामींची तर सगळ्यांत जास्त. झाकण उत्तम ठरलं आणि मी गबाळी. कंपनीत वरिष्ठांसमोर तिने माहिती सांगायची असं ठरलं. सरांनी तिला पहिल्यांदा नावाने हाक मारली. त्या आनंदात ती पेढे घेऊन मामींकडे गेली. मीही तिथेच होते.

मामी पेढा तोंडात टाकत म्हणाल्या, "अगो बाय, ती तुझी चकली केवाच नरम पडलेली. शेजाऱ्याचो डबो तसोच कोण परत देता? मी नवीन तळून घातलंय."

तिचा चेहरा उतरला. मग ती दारोदार फिरली. कोणी चकल्या पुन्हा तळल्या होत्या, कोणी लालबागहून विकत आणल्या होत्या. एका घराने वर चार शंकरपाळेही घातले होते, आणि ते तिने मागच्याच महिन्यात खाल्लेही होते! आपल्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत जात नाही, मग मऊ पडलेलं कोण परत देईल? तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिच्या खिरीचं भांडं मी कधी साखर घातल्याशिवाय परत दिलं नव्हतं. पण अंगावर पांढरा कोट चढला की घरचंच दिसेनासं होतं. मामींच्या हातच्या चकलीला लांब शेपूट असते, कंपनीच्या चकलीला नसते. पण हिने चकली ऐकली होती, पाहिली कुठे होती!

मामींनी तोंडावर बोट ठेवलं. "गप ऱ्हव. कोणाक कळतला?"

कोणालाच कळलं नसतं. ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. "आजी, सर आत्ता कुठे नावाने बोलवायला लागलेत हो." मी चहा टाकला. तो पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "उद्या सांगते त्यांना."

तिने सांगितलं. सरांनी बराच वेळ कपाळ चोळलं आणि विचारलं, "एकही डबा खरा नाही?"

"एक आहे सर. आमच्या आजींचा."

माझी मऊ चकली मोठ्या मानाने कंपनीत गेली. ही पुन्हा 'ट्रेनी' झाली आणि उरलेल्या महिन्यांसाठी नवे डबे घेऊन दारोदार हात जोडत फिरली, "मऊ पडली तर पडू द्या. माझ्यासाठी." सगळ्यांनी मन घट्ट केलं. मामींनी आपला डबा परत दिला तो रुमालाखाली झाकून, मान दुसरीकडे वळवून. झाकणावर, दोऱ्याने बांधलेली, साखरेची एक पुडी होती. आत नाही, बाहेर. प्रयोग बिघडायला नको म्हणून.

झाकण सैल बसतं, निकामी आहे, असं तिने अहवालात लिहिलं. कंपनीने ते बाद केलं आणि ती पास झाली. निरोपाच्या दिवशी सरांनी तिला नावाने हाक मारून चहाला नेलं. आता ती हैदराबादला असते. तिच्या हाताखाली एक मुलगा शिकायला आला आहे. त्याला पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारते म्हणाली.

ईरा, तूही कोट घरूनच घालून निघ. शेजाऱ्यांना दिसू दे.

हल्ली दिवाळीत चकली खाताना मी नकळत पंखा बंद करते. इमारत शांतच असते, कोणी श्वास रोखायला सांगत नाही. जाताना तिने आठवण म्हणून दिलेला तो डबा माझ्याकडे आहे. त्यात मोहरी असते. झाकण अजून सैलच आहे.