केल्सोच्या चौकात मधोमध मी

मंडळी, लॅबच्या कॉम्प्युटर टर्मिनलवरून आपल्या ग्रुपवर लिहितेय. आज कामात लक्षच लागत नाहीये.

आमची इथली घरमालकीण मार्गारेट आजी मूळची स्कॉटलंडमधल्या केल्सो या छोट्याशा गावची. बाराव्या शतकातला पडका मठ, नदीवरचा दगडी पूल, फरसबंद चौक, सगळं तिच्याकडून ऐकून आम्हाला पाठ. चौकाच्या कोपऱ्यात तिच्या वडिलांची बेकरी होती. आता तिला प्रवास झेपत नाही. म्हणाली, "इंडियाहून इकडे परत येताना लंडनला थांबताच आहात, तर माझ्या गावचे फोटो आणा."

आम्ही मुद्दाम गेलो. गाव खरंच देखणं आहे. पण जिथे तिथे आमचे हे म्हणायचे, "तू उभी राहा. नुसत्या इमारती घरी कोण बघणार?"

आज प्रिंट्स आल्या. चौकाच्या प्रत्येक फोटोत मधोमध मी, शाल पांघरून हसतेय. बेकरीचा कोपरा नेमका माझ्यामागे.

आजी भिंग घेऊन बराच वेळ बघत राहिली. मग फोटोतल्या माझ्या खांद्यावर बोट ठेवून हळूच म्हणाली, "जरा बाजूला होतेस, बाळ?"

तुमच्यापैकी कोणी लवकर तिकडून जाणार आहे का? चौकाचा एक फोटो आणाल? फक्त त्यात कुणी उभं राहू नका.