वहिनींनी मला छपरावर चढवलं

दादाचा फोन आला तेव्हा मी तळोज्यात एका कारखान्याच्या छपरावर सौर पॅनेलचे बोल्ट आवळत होतो. "मेधा गेली रे..." एवढंच तो म्हणाला. वहिनींचं दुखणं जुनं होतं, मनाची तयारी होती. तरी मी तिथेच तापल्या पत्र्यावर बसून राहिलो. या छपरांवर मला चढवलं ते वहिनींनीच.

उरणकडच्या एका गॅस प्रकल्पात त्या इंजिनिअर होत्या आणि मी तिथेच कंत्राटी फिटर. त्या निवृत्त झाल्या आणि पुढे माझं कंत्राट संपलं. पन्नाशीत नवं काम कोण देणार? रोडपालीच्या घरात मी दिवसभर टीव्हीसमोर बसायचो. बायकोशी बोलणंही तुटलं होतं. एक दिवस वहिनी आल्या. निवृत्तीनंतर त्या सौर पॅनेल बसवण्याची कामं घेत आणि घरी त्याचा वर्गही चालवत. "भाऊजी, पाइप जोडणाऱ्याला पॅनेलची चौकट जड नाही. शिकायला चला." मी भडकलो. "जन्मभर गॅसवर जेवलो, आता त्यालाच नावं ठेवायची?" त्या शांतपणे म्हणाल्या, "नावं कशाला ठेवू? त्यानेच आपल्याला जेवू घातलं. पण देशाला अजून कितीतरी वीज लागणार आहे. ती सगळी धुरातून काढली तर नातवंडांनी श्वास कुठे घ्यायचा? बदल होणारच, भाऊजी. तो आपल्या माणसांना मागे टाकून होऊ नये, एवढंच माझं म्हणणं." दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यामागून निघालो.

शिकून झाल्यावर पहिलं काम मिळालं ते उरणच्या कोळणींचं. त्यांना मासळीसाठी सौर विजेवरची शीतखोली हवी होती, पण भरवसा नव्हता. "पावसात ऊन नाय, मंग मावरं कुजवायचं काय बाई?" एकीने विचारलं. वहिनी म्हणाल्या, "पावसात नुसत्या उन्हावर भागणार नाही, तारेची वीज घ्यावी लागेल. खोटं कशाला बोलू? पण भर पावसात तुमच्या होड्या तरी कुठे जातात?" बायका खळखळून हसल्या आणि तिथेच काम ठरलं. खोली सुरू झाली त्या दिवशी, संध्याकाळी उरलेली पापलेटं कोणालाच पडत्या भावात द्यावी लागली नाहीत. वहिनींनी मला पुढे ओढलं. "हे माझे दीर. हे काम त्यांचं आहे." किती महिन्यांनी कोणी माझी ओळख कामावरून करून दिली होती... मी घरी गेलो आणि बायकोला सगळं सांगत बसलो.

आजारपणातही त्यांनी पनवेलच्या घरातला रविवारचा वर्ग सोडला नाही. चिरनेरकडच्या मुली यायच्या, हॉलमध्ये सतरंजीवर पॅनेल मांडून वायरिंग शिकायच्या. तेराव्यानंतरच्या रविवारी दादाचा फोन आला, "पोरी आल्यात रे. काय सांगू त्यांना?"

"बसव त्यांना. आलोच," मी म्हणालो.

आता तो वर्ग मी घेतो. परवा एकीने विचारलं, "काका, सगळा देश नुसत्या उन्हावर चालंल?" माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब, वहिनींना विचारतो." कोणी हसलं नाही. दादा सगळ्यांसाठी चहा करत होता, तो स्वयंपाकघरातूनच म्हणाला, "ती काय म्हणाली असती, ते सांग."

मी सांगायला लागलो. नुसत्या उन्हावर नाही चालणार, वारा लागेल, पाणी लागेल, साठवण लागेल, काही वर्षं गॅसही लागेल... बोलता बोलता आवाज स्थिर झाला. पोरींनी पाने-स्क्रूड्रायव्हर उचलले आणि कामाला लागल्या.