वहिनीची अर्धी वाक्यं

सुनंदावहिनी गेली हे दादानं सकाळी फोनवर सांगितलं. डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती, त्यामुळे त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. घाटंजीला जायला निघावं म्हणून मी यवतमाळच्या घरी पिशवी भरत होते, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. वहिनीच्या कादंबरीचं इंटरनेटवरचं पान मी सांभाळत असे. तिथं एका वाचकानं विचारलं होतं, ‘ताई, आजचा शब्द टाकला नाही?’ शेवटी एसटीत बसल्यावर लिहिलं, ‘ताई आज गेल्या.’

वहिनी तालुक्याच्या कोर्टात स्टेनो होती. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून सांगायचा, ‘साहेब, मी वावरातून येऊन राह्यलो होतो,’ आणि वहिनीच्या कागदावर उमटायचं, ‘मी शेतातून परत येत होतो.’ नोकरीभर तिनं हेच केलं. निवृत्तीनंतर ती रोज दुपारी लिहायला बसू लागली तेव्हा आम्हाला वाटलं, कोर्टातल्या आठवणी लिहीत असेल. निघाली खुनाची गोष्ट. राळेगावकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगाखाली प्रेत सापडतं, आणि मालक, हमाल, चौकीदार, चहावाली, जो तो आपल्याला काय दिसलं ते आपल्याच बोलीत सांगत जातो. एका प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं. भाषा प्रमाण करून दिली तर विचार करू, असं त्यांचं म्हणणं होतं. मलाही ते गैर वाटलं नाही, तसं मी तिला बोललेही. ती चष्मा पुसत म्हणाली, ‘कोर्टात मी जन्मभर लोकायचं बोलणं बदलवून टाइप केलं. आता नाही बदलवत.’

मग तिनं स्वतःच यवतमाळला पुस्तक छापून घेतलं. गठ्ठे पुढच्या खोलीत आले. मी पान उघडून दिलं, विक्रीच्या एका संकेतस्थळावर मुखपृष्ठाचा फोटो चढवला. नातेवाइकांनी प्रती घेतल्या आणि पुढं सगळं शांत झालं... त्या संकेतस्थळावर पहिला अभिप्राय आला तोही एका ताऱ्याचा. ‘भाषा कळत नाही. एका पानावर बाई सांबार निवडत बसली आहे, हे काय आहे?’ तो काढता येतो का, हे मी शोधायला लागले. वहिनीनं मला थांबवलं. लोणच्याच्या बरणीला फोन टेकवला, व्हिडिओ सुरू केला आणि त्यात पाहून शांतपणे सांगितलं की आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. दुसऱ्या दिवशी टोमॅटोला भेद्रं. मग बह्याड, म्हणजे वेडा. मी ते पानावर टाकत गेले आणि हे शब्द भलतेच पसरले. कुठून कुठून लोक लिहू लागले, आमची आजी अगदी असंच बोलायची. आठवडी बाजारात भाजीवालीनं तिला ‘शब्दवाल्या काकू’ म्हणून ओळखलं. पुस्तकाचे गठ्ठे मात्र होते तिथंच होते. कोणीतरी सुचवलं की कादंबरी राहू द्या, या शब्दांचंच पुस्तक काढा, हातोहात खपेल. हे मी तिला उत्साहानं वाचून दाखवलं, तर ती दुखावली.

‘लोकायले शब्द पाह्यजे, गोष्ट नाही पाह्यजे,’ ती म्हणाली. ‘मी कादंबरी लिहिली, अंकलिपी नाही.’

त्यानंतर बरेच दिवस तिनं फोनसमोर बसणंच सोडलं. पुन्हा बसली ती कोर्टातली एक गोष्ट आठवून. साक्ष ऐन रंगात असताना जेवणाची सुट्टी झाली, की लोक वेळेआधीच परत येऊन बसायचे. तेव्हापासून ती शब्दाचा अर्थ सांगून झाला की कादंबरीतलं तो शब्द असलेलं वाक्य वाचायची, आणि मधेच थांबायची. ‘उलीसा, म्हणजे थोडासा. जिनिंगच्या मागं उलीसा उजेड होता, अन् त्या उजेडात सरकी उकरून राह्यला होता तो...’ एवढं बोलून फोन बंद. लोक चिडले, हसले, आणि मग पुस्तकाला मागण्या येऊ लागल्या. एका गृहस्थांनी तर फोन करून खुनी कोण ते विचारलं. वहिनीनं त्यांना सांगितलं, ‘साहेब, साक्ष अजून चालू हाय.’ त्यांनीही पुस्तक मागवलं. पुढच्या खोलीतल्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं, कात्री आणि खाकी चिकटपट्टी कायमची आली. पत्ते ती टपोऱ्या अक्षरात हातानं लिहायची. खूप प्रती गेल्या असं नाही, पण घेणारे वाचत होते, आणि वाचून तिच्याशी हमालाबद्दल, चौकीदाराबद्दल भांडत होते. तिला तेवढं हवं होतं.

ती गेल्यावर पान बंद करावं असं माझ्या मनात होतं. दादा नको म्हणाला. मागण्या अजून येतात, पार्सलं आता तो बांधतो. त्याची चिकटपट्टी वाकडी लागते. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा एक पार्सल अर्धवट गुंडाळून पडलेलं होतं आणि दादा वहिनीच्या खुर्चीत बसून त्यातलंच पुस्तक वाचत होता. ती असताना त्यानं ते कधी उघडलं नव्हतं. घरातच तर लिहिली, मले कायले वाचा लागते, असं म्हणायचा. मी आल्याचं त्याला कळलं, पण त्यानं मान वर केली नाही. कुठवर आलास, असं मी विचारलं. त्यानं पानात बोट ठेवलं.

‘हा चौकीदार खोटं बोलून राह्यला, असं वाटते मले.’

मी काही बोलणार, तोच त्यानं हात वर केला.

‘तू सांगू नको. तिले सांगू दे.’