राखलेलं दुकान

कानात इअरफोन घालून कुणी दुकानात शिरलं की ताई हातातलं काम सोडून स्वतःच्या कानाला दोन बोटं लावायच्या. समोरचा कान मोकळे करेपर्यंत बोटं तिथेच. "इअर्स फर्स्ट," त्या म्हणायच्या, "देन लॉलीज." मानेपर्यंत गोंदवून घेतलेले धिप्पाड बाप्येसुद्धा मुकाट्याने इअरफोन काढून खिशात टाकायचे. मी एकदा फोनवर बोलत बोलत आत गेले, तर मलाही तीच बोटं. "समोर माणूस उभा आहे ना? मग त्याच्याशी बोल. नसेल बोलायचं तर सुपरमार्केटमध्ये जा, तिथे मशीन आहे."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुकान चालवतात, पण तोरा असा की गिऱ्हाईक त्यांच्या घरी पाहुणं म्हणून आलंय आणि चपला दारात काढायला विसरलंय.

ऑकलंडच्या दक्षिणेला, मनुरेवात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी ताईंची डेअरी होती. इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात. दूध, ब्रेड, सिगारेटी, आइसक्रीम, बरण्यांतल्या लॉलीज म्हणजे गोळ्या, काचेच्या गरम कपाटात खिमा भरलेले पॅटिस, असं सगळं. ताई मूळच्या कल्याणच्या. तरुणपणी हॉटेलचा डिप्लोमा करायला आल्या आणि राहिल्या. नवरा कधीतरी परत गेला. का गेला ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्या काही देवमाणूस नव्हत्या. जिभेला धार होती, दुपारी झोप झाली नाही की गिऱ्हाइकावर खेकसायच्या, आणि माझ्या स्वयंपाकाबद्दल त्यांचं मत काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. दुकानात शिवी दिली की त्या पोराला 'सुट्टी' द्यायच्या. म्हणजे आठवडाभर पायरी चढायची नाही. पोरं बाहेर फुटपाथवर उभी राहून मित्रांकरवी आइसक्रीम मागवायची, आणि ताई ते दिसत नसल्यासारखं करायच्या. सामोआच्या, टोंगाच्या, माओरी, पंजाबी, सगळ्या घरांतली पोरं त्यांना नावानिशी माहीत. कुणाची आजी आजारी, कुणाचा बाप कामावर परत लागला, तेही माहीत.

एका दुपारी तोंडाला फडकी बांधलेले काहीजण हातोडे घेऊन शिरले आणि सिगारेटींचं कपाट फोडून घेऊन गेले. ताई मध्ये पडल्या. त्यांना ढकललं, मनगट मोडलं. मी धावत गेले तेव्हा त्या दुधाच्या क्रेटवर बसल्या होत्या, मनगटावर गोठवलेल्या मटारची पिशवी धरून.

"मला रडू येत नाहीये गं," त्या म्हणाल्या. "राग येतोय. रागाचं काय करतात ते सांग."

मी मटारची पिशवी उलटी करून पुन्हा मनगटावर धरली. रागाचं काय करायचं हे माहीत असलेला एक माणूस आमच्या मराठी मंडळात होता. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. सैन्यातला नव्हे, मंडळाच्या क्रिकेट संघाचा. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, शहराच्या दुसऱ्या टोकाला टेकडीवर घर आणि घराला चहूबाजूंनी कॅमेरे. त्या दिवशी ताईंना गाडीत घालून हॉस्पिटलात त्यानेच नेलं, डॉक्टर येईपर्यंत तोच बसून राहिला, हे मी मान्य करते. त्याने तेवढ्यावरच थांबायला हवं होतं.

पण कॅप्टनचा भाऊ टेक्सासला. तो याला व्हिडिओ पाठवायचा आणि हा ते आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा. दाढीवाले, सैनिकी चट्ट्यापट्ट्यांचे कपडे घातलेले लोक, छातीवर बंदूक आडवी, मॉलच्या पार्किंगमध्ये उभे. पोलीस नंतर येतात, नागरिकाने आपलं रक्षण आपण करायचं, सरकारने बंदूक काढून घेतली तर उद्या घरही काढून घेईल, अशी भाषणं. "अमेरिकेत प्रत्येक नागरिक सैनिक असतो," हे कॅप्टनचं पालुपद. त्याने ताईंनाही एक व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला.

"याला घरी कुणी कामं सांगत नाही का?" त्यांनी विचारलं.

ताई हसण्यावारी नेऊ शकल्या. मला जमलं नाही. माझी मावसबहीण अमेरिकेत राहते. तिच्या लेकीला बालवाडीतच शिकवलं की शाळेत बंदूकवाला शिरला तर बाई दिवा बंद करतील, मग सगळ्यांनी भिंतीशी बसायचं आणि अजिबात आवाज करायचा नाही. पोरगी घरी येऊन मांजराला तेच शिकवत होती. मला हे बहिणीने फोनवर सांगितलं. ज्या देशात लेकरांना ही कवायत करावी लागते, त्या देशाकडून शिकायला आमच्या शिकल्यासवरल्या लोकांना नेमकं हेच सापडावं?

आणि तेही इथे राहून. क्राइस्टचर्चला मशिदींत नमाजाला जमलेली माणसं मारली गेली, तेव्हा या देशाने बंदुकांचा कायदा आवळला आणि लोकांनी रांगा लावून बंदुका जमा केल्या. इथे शिकारीसाठी परवाना मिळतो, शेतावरच्या सशांसाठी मिळतो, नेमबाजीच्या क्लबासाठी मिळतो. स्वतःच्या रक्षणासाठी हवी म्हटलं तर मिळत नाही. शेजाऱ्याची भीती हे इथे कारण धरत नाहीत. मला हा देश आवडतो त्याचं हे एक कारण आहे, आणि मी ते ग्रुपवर स्पष्ट लिहिलं. मला ग्रुपमधून काढलं. नवऱ्याला ठेवलं, कारण तो कधीच काही लिहीत नाही.

कॅप्टनकडे हरणांच्या शिकारीचा परवाना होता. म्हणजे रायफल होती.

खंडेनवमीला ताई दरवर्षी दुकानाची पूजा करायच्या. त्या वर्षीही प्लास्टरमधल्या हाताने त्यांनी गल्ला पुसला, कार्ड घासायच्या मशीनला, पॅटिसच्या गरम कपाटाला, ब्रेडच्या ट्रॉलीला हळदकुंकू लावलं. झेंडू मिळाला नव्हता, अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारातून दुसरीच कसलीतरी पिवळी फुलं आणली होती. मी आणि माझी लेक मदतीला होतो. लेक मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. तिला कार्डाच्या मशीनला कुंकू लावलेलं भारी आवडलं होतं.

तेवढ्यात कॅप्टन आला. मागे दलातले चौघे-पाचजण. हो, तोवर 'रक्षक दल' स्थापन झालं होतं, पिवळी जाकिटं शिवून झाली होती. कॅप्टनच्या हातात शालीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं. त्याने शाल उलगडली आणि रायफल काउंटरवर, गरम कपाटाच्या शेजारी ठेवली. माझी लेक माझ्या मागे सरकली.

"बोल्ट काढलेला आहे, वहिनी, गोळी सुटत नाही, घाबरू नका," तो मला म्हणाला. मग ताईंकडे वळून, "खरी खंडेनवमी शस्त्रांचीच ना, ताई? आजपासून हे दुकान आमच्या रक्षणाखाली."

ताईंनी हळदीची वाटी खाली ठेवली. "उचल ते."

"ताई, आपली परंपराच आहे."

"परंपरा मला नको शिकवू. आज पूजा कशाची करतात? ज्याने आपण काम करतो त्याची. या मशीनने मी कार्ड घासते. या कपाटात पॅटिस गरम करते. तू याने काय करणारेस?"

"वेळ आली तर..."

"कुणावर? नाव सांग. इथे येणारा प्रत्येकजण मला नावाने माहितीये. तू एक नाव सांग, मी लावते कुंकू."

कॅप्टनने शालीचं टोक सारखं केलं. बाकीचे खाली लादीकडे बघत होते. "तुम्ही भावनिक होताय," तो अखेर म्हणाला, आणि त्याने रायफल पुन्हा शालीत गुंडाळली. माझ्या लेकीने बाहेर आल्यावर विचारलं, "मम्मा, इज आंटी इन ट्रबल?" मी नाही म्हटलं.

पण एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. ताईंची पाठ वळली असताना दलातल्या एकाने रायफलवर फूल ठेवून फोटो काढला होता. मागे दुकानाचं नाव, गल्ला, लॉलीजच्या बरण्या, सगळं स्वच्छ दिसत होतं. त्याला वाटलं, सणाचा फोटो आहे. आपल्याकडे नाही का, नवी गाडी घेतली की हार घालून फोटो टाकतात, तसा त्याने तो टाकला. मंडळात पन्नास अंगठे मिळाले. मग तो मंडळाबाहेर गेला आणि मनुरेवातल्या घराघरांतल्या फोनवर पोचला. तिथे कुणाला खंडेनवमी माहीत असणार? तिथे एवढंच दिसलं की आंटीच्या दुकानात, लॉलीजच्या शेजारी, बंदूक आहे.

फोटो पाहून पोलिसांनी कॅप्टनची रायफल जमा करून घेतली. ताईंचं दुकानही तपासून गेले. कॅप्टनने मंडळात भाषण केलं की त्याचा हक्क हिरावला गेला. या देशात तसा हक्क कधी नव्हताच, तर हिरावणार काय? पण अमेरिकेचे व्हिडिओ पाहून पाहून त्याच्या डोक्यातला देशच बदलला होता.

दल मात्र थांबलं नाही. रोज संध्याकाळी पिवळी जाकिटं घालून, हातात हॉकीच्या काठ्या घेऊन ते दुकानाबाहेर उभे राहू लागले. हुडीची टोपी काढ, पिशवी उघड, असं पोरांना बजावू लागले. चहाचा थर्मास घरून आणत, वडे सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांतून आणत. ताईंकडून त्यांनी कधी दुधाची बाटलीही घेतली नाही, कारण सुपरमार्केटात स्वस्त मिळते.

ताईंनी त्यांना जा म्हणून सांगितलं. रागावून सांगितलं, मग हात जोडून सांगितलं. "फुटपाथ सार्वजनिक आहे, ताई," कॅप्टन म्हणाला. पोलिसांना विचारलं, तर काठ्या घेऊन नुसतं उभं राहणाऱ्यांना हटवणं त्यांनाही सोपं नव्हतं.

चर्चहून येताना नेहमी ब्रेड नेणाऱ्या एका सामोअन आजीला दलाने पिशवी उघडायला लावली. नातवंडांच्या देखत. पिशवीत बायबल होतं आणि चष्मा. आजी पिशवी बंद करून उलट्या पावली गेली. ताई काउंटरमागून पाहत होत्या. त्या बाहेर येईपर्यंत आजी रस्ता ओलांडून गेली होती. त्या संध्याकाळी ताईंनी दलातल्या पोक्त माणसांना ज्या शिव्या दिल्या, त्यांबद्दल दुसऱ्या कुणाला त्यांनी वर्षाची सुट्टी दिली असती.

पोरं येईनाशी झाली. पेट्रोल पंपावर जाऊ लागली. पलीकडच्या गल्लीतली एक माओरी बाई, जिची तिन्ही मुलं ताईंच्या डोळ्यांपुढे वाढली, ती एकटी येऊन सांगून गेली. "आय नो यू, आंटी," ती म्हणाली. "आय डोन्ट नो देम." ताईंनी तिला तो फोटो कसा निघाला ते समजावायचा प्रयत्न केला. खंडेनवमी, हळदकुंकू, आयुधं. ती मान हलवत राहिली. तिला ताईंचं सगळं पटलं होतं, तरी ती मुलांना पाठवणार नव्हती, आणि तिच्या जागी मी असते तर मीही पाठवली नसती.

ताई गरम कपाट लावायच्या, संध्याकाळी तेच पॅटिस काढून टाकायच्या. मी लॅबमधल्या कामावरून येताना रोज काहीतरी घ्यायचे. एका बाईच्या ब्रेडवर दुकान चालत नाही. हातोडे घेऊन आलेल्यांना ते बंद पाडता आलं नव्हतं. हाताला प्लास्टर असताना ताईंनी दुसऱ्याच दिवशी शटर उघडलं होतं. ते बंद पाडलं आमच्या लोकांनी, त्यांचं रक्षण करून.

शेवटच्या दिवशी मी खोकी बांधायला गेले. ताई पूर्वीसारख्याच खेकसत होत्या, टेप वाकडी लावली म्हणून मला बोलल्या. बरण्यांतल्या उरलेल्या लॉलीज त्यांनी पिशव्यांत भरल्या, प्रत्येक पिशवीवर पोराचं नाव घातलं आणि त्या पोचवायला मला दिल्या. घराघरांत गेले तेव्हा आयांनी त्या घेतल्या, आभार मानले, आंटी कशी आहे विचारलं. सामोअन आजीने मला आत बोलावून चहा पाजला आणि बराच वेळ माझा हात धरून ठेवला.

त्यानंतर नवऱ्याने मला फोनवर कॅप्टनचा संदेश दाखवला. बंद शटरपुढे पिवळी जाकिटं ओळीने उभी, आणि खाली लिहिलं होतं, 'दलाच्या स्थापनेपासून या दुकानात एकही चोरी नाही.' अंगठे पडत होते. मी फोन परत दिला आणि भांडी घासायला गेले. एक कप फुटला.

पुढच्याच रविवारी कॅप्टन दारात आला. नम्रपणे, चपला काढून. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात दलाला ताईंचा सत्कार करायचा होता, शाल आणि श्रीफळ देऊन, धैर्याबद्दल. "वहिनी, ताईंचा नवा पत्ता तेवढा द्या."

पत्ता माझ्याकडे होता. दूरच्या एका छोट्या गावात त्यांनी पुन्हा दुकान घेतलंय, समुद्रापासून फार लांब नाही. पण टेम्पोत बसताना ताईंनी खिडकीची काच खाली करून मला जवळ बोलावलं होतं.

"त्यांना सांगू नकोस मी कुठे आहे," त्या म्हणाल्या होत्या. "तिथेही राखायला येतील."