लाथेचा कौल

निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. शिरड शहापूरच्या मनकर्णाची जीभ विळ्यासारखी चालायची, पण धाकटी जाऊ द्वारका समोर आली की तोंड शिवल्यासारखं गप्प. बांधावरच्या बाभळीवरून दोघींची जुंपली, त्या दिवसापासून थोरलीनं अबोला धरला होता.

एका पावसाळ्यात द्वारका रानातून टोपलीभर सात्या घेऊन आली. सात्या म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या, खायच्या छत्र्या. मनकर्णानं ओसरीवरूनच देठांची बुडं पाहिली. लांब मूळ नाही, वारुळाची माती नाही. या मेल्या विषारी! पण सांगावं तर अबोला मोडतो. तिनं उठून टोपलीला लाथ घातली. द्वारकानं तिच्या माहेरच्या सात पिढ्या उद्धारल्या. सांडलेल्या छत्र्या शेळीनं खाल्ल्या आणि दिवस मावळायच्या आत पाय ताणले.

तेव्हापासून द्वारका दर पावसाळ्यात आपली टोपली थोरलीच्या उंबऱ्यापुढं आदळायची. लाथ बसली की उकिरडा, नाही बसली की चूल. बोलणं मात्र नाही.

मग एका वर्षी टोपलीत पांढऱ्याशुभ्र, लांब मुळाच्या, वारुळाची माती लागलेल्या सात्या आल्या. मनकर्णाच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं लाथ मारली. द्वारका सगळं तिथंच टाकून निमूट निघून गेली.

सांजेला भिंतीपलीकडून खमंग वास आला. द्वारका तडक थोरलीच्या चुलीपाशी येऊन उभी राहिली.

"काय शिजवून राहिल्या, बाई? मीठ तरी बराबर पडलं का?"

इतक्या वर्षांत मनकर्णानं पहिल्यांदा तिच्यापुढं तोंड उघडलं.

"कमी पडलं. जा, घेऊन ये."